स्लोचा स्क्रू ते स्कॅनर

ऐंशी-नव्वदच्या दशकात पुण्यात 'गाडी सिग्नलला बंद पडते' अशी तक्रार घेऊन गेलं, की मेकॅनिक बॉनेट उघडून आधी कान द्यायचा. प्रीमियर पद्मिनी असो की डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800, दोघींना कार्ब्युरेटरच. एक स्क्रू स्लोचा, म्हणजे आयडलचा, आणि एक मिक्श्चरचा. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आवाज एकसारखा लागला की काम झालं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. मुंबईत सेट केलेली गाडी बोरघाट चढून आली की विरळ हवेत थोडी रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चालायची. इथे ती पुन्हा सेट करून घ्यावी लागे.

प्रदूषणाच्या नियमांनी हा स्क्रू काढून घेतला. पुण्यात एप्रिल 2005 मध्ये भारत स्टेज 3 आणि एप्रिल 2010 मध्ये स्टेज 4 लागू झालं. तोवर नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय हे पेट्रोल इंजेक्शन रुळलं होतं आणि स्लो सांभाळायचं काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, गेलं होतं. थ्रॉटल बॉडीच्या अंगाला एक छोटी स्टेपर मोटर, हाच आयडलचा व्हॉल्व्ह. तिचं निमुळतं टोक पुढे-मागे होऊन बंद झडपेच्या बाजूने लागेल तेवढी हवा सोडतं. एसी लावला की लोड वाढतो, टोक मागे सरतं, इंजिन पडत नाही.

मग ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आला, आणि माझ्या मते नुकसानही इथेच सुरू झालं. 'पी 0505' हा कोड एवढंच सांगतो, की आयडल ताब्यात नाही. व्हॉल्व्ह खराब आहे असं तो म्हणत नाही. तरी कोड दिसला की नाना पेठेतून नवा व्हॉल्व्ह आणायचा, हा प्रघात पडला. 0506 म्हणजे आरपीएम अपेक्षेपेक्षा कमी, 0507 म्हणजे जास्त. हा फरक फार कामाचा. जास्त असेल तर बहुधा कुठूनतरी चोरटी हवा शिरते आहे: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, बसलेलं मॅनिफोल्ड गॅस्केट. कमी असेल तर थ्रॉटल बॉडी उघडून बघा. झडप जिथे टेकते तिथे तेलाच्या वाफेने धरलेलं काळं, चिकट कडं असतं. क्लीनर मारून मऊ कापडाने पुसलं, आयडल पुन्हा लर्न करून घेतलं, की पुष्कळ गाड्या तिथेच सुधारतात. बॅटरी काढल्यावर बिघडलेलं आयडलही अनेकदा एवढ्या लर्निंगनेच जागेवर येतं.

आता ड्राइव्ह-बाय-वायर गाड्यांत तो वेगळा व्हॉल्व्हच उरलेला नाही. मोटर मुख्य झडपच किंचित उघडी धरते. ती झडप बोटाने ढकलू नये, आतले गिअर दुखावतात. हवेची वाट मात्र तीच आहे, काजळी तीच आहे.

तेव्हा गॅरेजात नवा व्हॉल्व्ह सुचवला, तर आधी दोन गोष्टी करून मागा: एअर लीकची तपासणी आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. त्यानंतरही आरपीएम हलत राहिला, तरच पार्टसाठी पैसे काढा.