बोट वेरावळला, कागद सुरतेत: घरचा कॉम्प्युटर मोबाईलवरून कसा चालवायचा?



मागच्या बंदीतली गोष्ट. आपल्यातले एक बोटमालक दुरुस्तीच्या कामाने वेरावळला मुक्कामी होते. अचानक बोटीच्या विम्याचा जुना कागद लागला. कागद स्कॅन करून ठेवलेला होता, पण तो उधन्याच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये. घरी वहिनी होत्या. त्यांना कॉम्प्युटर चालू करता येतो, पण फाईल कुठल्या फोल्डरमध्ये ते मालकालाच ठाऊक. तासभर फोनवर 'डावीकडे बघ, पिवळं चिन्ह दिसतंय का' असं चाललं. शेवटी मालक रात्रीच्या गाडीने सुरतेला आले, कागद घेतला आणि परत गेले. दोन दिवस गेले, मिस्त्रीची मजुरी अंगावर पडली ती वेगळीच.

हे काम वेरावळच्या जेटीवर बसून दहा मिनिटांत झालं असतं, तेही फुकटात.

हे चालतं कसं?

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटं सॉफ्टवेअर टाकून ठेवायचं. ते घरचा स्क्रीन इंटरनेटवरून तुमच्या मोबाईलवर दाखवतं. तुम्ही मोबाईलवर बोट फिरवलं की तिकडे घरी माऊस फिरतो. कागद सगळे घरीच राहतात, आपण फक्त लांबून हात लावतो.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही नावं बऱ्याच जणांनी ऐकली असतील. ती घरगुती वापरापुरती मोफत आहेत, धंद्याच्या कामाला पैसे पडतात. रस्टडेस्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण नवख्या माणसाला सगळ्यात सोपं म्हणजे गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप.

एकदाच करायचं काम

१. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने लॉग-इन करा आणि 'रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम' हा पत्ता उघडा.

२. 'रिमोट ॲक्सेस' निवडा, सॉफ्टवेअर उतरवून घ्या, कॉम्प्युटरला एक नाव द्या.

३. किमान सहा आकडी पिन ठेवा. बोटीचा नंबर किंवा जन्मतारीख नको, ती सगळ्या बंदराला माहीत असते.

४. मोबाईलमध्ये त्याच खात्याने तोच पत्ता उघडा, कॉम्प्युटरच्या नावावर बोट ठेवा, पिन टाका. झालं.

कागद मिळाला की घरच्या कॉम्प्युटरवरूनच ईमेल उघडून पाठवून द्यायचा.

अडतं ते इथे

कॉम्प्युटर बंद असेल किंवा झोपलेला असेल तर काही उपयोग नाही. म्हणून निघायच्या आधी पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्लीप' बंद करा. लाईट गेली की वायफायही जातं, तेव्हा राउटरला छोटा बॅकअप असला तर बरं. डेस्कटॉप असेल तर लाईट आल्यावर तो आपोआप सुरू होईल अशी सेटिंग बहुतेक मशीनमध्ये असते. दुकानदाराकडून एकदा करून घ्या.

दुसरं, तुम्ही काय करताय ते घरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं. बँकेचं काम असेल तर घरी आधी फोन करा.

तिसरं, किनारा सुटला की थोड्या वेळात मोबाईलची रेंजही सुटते. कागदाचं काम जेटीवरच उरका, दर्यात गेल्यावर आठवून उपयोग नाही.

आणि आपला मोबाईल पाण्यात पडायला वेळ लागत नाही! गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावाच, पण गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा. मोबाईल चोरीला गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी घरी सांगा, 'कॉम्प्युटरचं बटण बंद कर.' मग खात्याचा पासवर्ड बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं

याच सॉफ्टवेअरने लोकांची खाती रिकामी झाली आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. ठग फोन करतो, 'बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी अडकलंय, हे ॲप टाका आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर सांगा.' नंबर सांगितला की त्याला तुमचा मोबाईल दिसायला लागतो, येणारा ओटीपीसुद्धा. डिझेलची सबसिडी अडकलीय, असं सांगूनही असा फोन येऊ शकतो.

म्हणून एकच नियम पाठ करा. आपण होऊन, आपल्याच मशीनला जोडायचं. समोरून फोन आला आणि कोणी ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवायचा. बँक असो की सरकारी खातं, खरा माणूस तुमचा स्क्रीन मागत नाही.

ओळखीच्या मुलाची मदत घ्यायची असेल तर 'रिमोट सपोर्ट' वापरा. त्यात बारा आकडी कोड मिळतो, तो एकदाच चालतो आणि पाच मिनिटांत बाद होतो. कायमचा पिन मात्र पोराबाळांशिवाय कोणाला देऊ नका. काम चाललं असताना स्क्रीनवर नजर ठेवा.

चुकून फसलात तर लाजू नका. आधी इंटरनेट बंद करा, मग लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

घरची चावी आपण ओळखीच्या माणसाकडेच ठेवतो ना? हीसुद्धा चावीच आहे. बंदीत हाताला वेळ असतो, तेव्हा घरी बसून एकदा हे करून बघा. आणि वहिनींनाही शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी कागद त्याच पाठवतील!