कारखान्याचे आठ सेट

सकाळी सव्वासहा

जून लागलाय, पण सांगलीत पाऊस अजून आलेला नाही. दुकान उघडायला तीन तास आहेत, म्हणून माळ्यावरची दोन खोकी खाली काढली. आत आठ वायरलेस सेट. मोटोरोलाचे जीएम ३००, गाडीत बसवायचे, मुठीत मावणारा माइक असलेले. मोबाइल येण्याआधी एका साखर कारखान्याची ऊसवाहतूक यांच्यावर चालायची. पुढे सेट कपाटात गेले आणि यंदा कारखान्याने ते काढून टाकले. आम्ही घेतले ते मात्र रीतसर, कारखान्याचं पत्र आणि आमच्या हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या, परवान्यांच्या प्रती फायलीत लावून. असा बिनतारी सेट नुसता घरात ठेवायलाही आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून परवाना लागत आलाय. जुन्या बाजारात सेट स्वस्तात मिळाला म्हणजे तो आपला झाला असं नाही, हे मी दर नव्या मुलाला पहिल्या दिवशीच सांगतो.

प्रत्येक माइकवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, त्यावर पेनाने नावं. ‘काटा’, ‘केन यार्ड’, ‘शेती ऑफिस’, ‘गट नं. ३’. अक्षर एकाच माणसाचं दिसतं.

सकाळी सात

झाकणं उघडली. आतून बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा निघाला, बारीक, पिवळट. ब्लोअर मारला, ब्रश फिरवला. तरी आतली बांधणी बघून बरं वाटतं. ओतीव धातूची जाड चौकट, मागे उष्णता फेकणाऱ्या पट्ट्या, आणि ट्रान्समीटर, रिसीव्हरच्या नाजूक भागांवर पत्र्याची कवचं. ट्रॅक्टरवर आदळत राहील, उन्हात तापेल, शेजारी दुसरा ट्रान्समीटर चालू असेल, तरी आपल्या चॅनेलवरचं ऐकू आलं पाहिजे, या हिशेबाने केलेली वस्तू. हौशी लोकांसाठी बनलेल्या सेटला बटणं जास्त असतात, स्क्रीन असतो. याला चॅनेलचा आकडा, आवाज आणि माइक. महापुरात ओल्या हाताने वापरायला मला हाच हवा.

महापूर म्हणतोय तो २०१९ चा. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत वीज नव्हती, फोन लागत नव्हता, आणि माझ्याकडे चालू स्थितीत एकच हँडसेट. पलीकडे मिरजेत आमच्या हॅममधल्या मास्तरांकडे एक. दोन माणसांनी एकमेकांशी बोलून गाव सावरत नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात सेट जमवणं चालू आहे.

सकाळी पावणेआठ

पुतणी आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॅमची परीक्षा पास झाली, परवान्याची वाट बघतेय. तोवर तिने माइकचं बटण दाबायचं नाही, हा आमचा करार. ऐकायला, मोजायला, डाग द्यायला मोकळीक.

तिने पहिलाच सेट १३.८ व्होल्टच्या सप्लायला लावला आणि फ्यूज गेला. घाबरली. मी म्हटलं, मीटर लाव. लाल-काळ्या वायरीत सरळ शॉर्ट. सप्लाय आत शिरतो तिथे एक संरक्षक डायोड असतो. कुणी बॅटरी उलटी जोडली की तो स्वतः जळून शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि बाकीचा सेट वाचवतो. वीस रुपयांच्या आतलं काम. तिनेच डायोड काढला, तिनेच नवा बसवला. सेटला दिवा लागला तेव्हा म्हणाली, “काका, हा तर जिवंतच होता की!”

सकाळी साडेआठ

आता खरं काम. या सेटवर फ्रिक्वेन्सी फिरवायला बटण नाही. सगळं आतल्या चिपमध्ये लिहिलेलं. कोणत्या चॅनेलला कोणती फ्रिक्वेन्सी, किती शक्ती, कोणता टोन. याला कोडप्लग म्हणतात. तो वाचायला-लिहायला जुनं डॉसवरचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते वेगवान संगणकावर धड चालत नाही, वेळेची मोजणी चुकते. त्यासाठी एक जुना लॅपटॉप जपून ठेवलाय, मागे खरा सिरीयल पोर्ट असलेला. संगणकाच्या पोर्टवरचे व्होल्ट सेटला थेट देऊन चालत नाहीत, म्हणून मध्ये एक डबी बसते. त्या डबीतलं काम मॅक्स २३२ नावाची चिप करते, पाच व्होल्टची भाषा इकडून तिकडे. डबी मी घरीच बनवली. केबल माइकच्याच सॉकेटमध्ये जाते.

पहिला नियम भिंतीवर लिहून ठेवलाय, आधी वाचा, साठवा, मगच लिहा. फार वर्षांपूर्वी पहिल्या सेटच्या वेळी मी न वाचताच नवीन माहिती ढकलली, मध्येच केबल हलली आणि सेट कायमचा मुका झाला. सेट बनवतानाच भरलेले जुळणीचे आकडेही त्याच चिपमध्ये असतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. एका गरीब मित्राने विश्वासाने दिलेला सेट होता तो. आजही त्याची खंत आहे.

‘काटा’ लिहिलेल्या सेटची माहिती पडद्यावर आली. कारखान्याच्या फ्रिक्वेन्सी, स्वीकारताना टोनची अट, म्हणजे ठरलेला बारीक सूर सोबत आला तरच आवाज सोडायचा, आणि साठ सेकंदांचा टाइमर. एका दमात मिनिटापेक्षा जास्त बोलायचं नाही. पुतणी बराच वेळ त्या साठच्या आकड्याकडे बघत होती.

सकाळी दहा

दुकानात गिऱ्हाईक. दोन मिक्सर, एक इन्व्हर्टर. एक गृहस्थ वेगळंच विचारायला आले. त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनना असे सेट ‘खोलून’ द्याल का? मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल, पण हॅमचा पट्टा कुणाच्या धंद्याच्या बोलण्यासाठी नाही आणि परवान्याशिवाय त्यावर बोलणं कुणासाठीच नाही. त्यांच्यासाठी परवाना न लागणारे कमी शक्तीचे सेट बाजारात आहेत, तेवढं सांगितलं.

सकाळी साडेअकरा

आठ सेट दोन जातींचे निघाले. तीन सेट १३६ ते १६२ मेगाहर्ट्झचे, पाच १४६ ते १७४ चे. आपल्या देशात हौशी लोकांना दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ एवढाच. म्हणजे पहिले तीन सरळ आपल्या घरात बसतात. उरलेले पाच उंबऱ्याबाहेर उभे. सॉफ्टवेअर तर १४५ टाइपच करू देत नाही. मर्यादा ठरवणाऱ्या फाइलमधले आकडे बदलावे लागतात, बाइट-बाइट मोजून. ते पुतणीने केलं, माझ्यापेक्षा निगुतीने.

पण सॉफ्टवेअरने मान्य केलं म्हणून सेट मान्य करतो असं नाही. आत एक ऑसिलेटर आहे. त्याला मिळणारं नियंत्रणाचं व्होल्टेज जसं उतरतं तशी फ्रिक्वेन्सी उतरते. खाली खाली जाताना ते व्होल्टेज तळाला टेकलं की लॉक, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरची पकड, सुटतो, सेट बीप देतो आणि ट्रान्समिट करत नाही. चांगलंच आहे, नाहीतर तो कुठे बरळला असता! मीटर लावून एकेक चॅनेल पाहिला. १४५.५०० ला पाचही सेट लॉक. १४४.२ ला दोन सुटले. पुतणी म्हणाली, कॉइल थोडी हलवू? मी नको म्हटलं. आपल्याला १४५ च्या वरच बोलायचंय. जिथे गरज नाही तिथे स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. अशा ‘थोडं हलवून’ बिघडलेले सेट माझ्याकडे फार येतात.

दुपारी दोन

जेवणानंतर मोजमाप. ॲन्टेना कुठेही लावलेली नाही. सेट डमी लोडवर, म्हणजे पन्नास ओहमच्या रोधावर. शक्ती उष्णता होऊन तिथेच जिरते, बाहेर कुणाला त्रास नाही.

बहुतेक हौशी लोक या टप्प्यावर घाई करतात, आवाज गेला म्हणजे झालं. मला ते पटत नाही. क्रिस्टल जुना होतो, सरकतो. ‘केन यार्ड’ नऊशे हर्ट्झ वर निघाला, ‘गट नं. ३’ साडेतीनशे खाली. दोन्ही सॉफ्टवेअरमधून जागेवर आणले. मग आवाजाची रुंदी, म्हणजे बोलताना फ्रिक्वेन्सी किती हलते ते. पंचवीस किलोहर्ट्झच्या चॅनेलला पाच किलोहर्ट्झपर्यंत, साडेबाराच्या चॅनेलला अडीचपर्यंत. दोन सेट अरुंद चॅनेलचे निघाले. त्यांचा फिल्टर म्हणजे आतला खराखुरा पुर्जा, सॉफ्टवेअरने रुंद होणार नाही. रुंद सेटवरून बोललेलं त्यांना फाटून ऐकू येईल. ते दोन वेगळे बांधले, जोडीनेच वापरायचे. पूर आला की असल्या बारीक गोष्टी शोधायला कुणाला वेळ नसतो.

शक्ती पंचवीस वॅटवरून दहावर आणली. पंचवीस वॅटला सेट बोलताना सहा-सात ॲम्पिअर खातो, आणि आपल्याकडे असणार स्कूटरची नाहीतर यूपीएसची बॅटरी. नदीच्या या काठावरून त्या काठावर जायला दहा वॅट भरपूर. टोनची अट स्वीकारण्यातून काढली. लांबचा, दुबळा, टोन न लावलेला माणूसही ऐकू आला पाहिजे. साठ सेकंदांचा टाइमर मात्र तसाच ठेवला. कुणाच्या मांडीखाली माइकचं बटण दाबलं जाऊन अख्खी वाहिनी अडली तर सेट स्वतःहून सोडेल. कारखान्यातल्या त्या अनोळखी तंत्रज्ञाने विचार करून ठेवलेला आकडा होता तो.

संध्याकाळी पाच

कारखान्याच्या फ्रिक्वेन्सी एकेक करून पुसल्या. आठ सेटांत मिळून सत्तावीस नोंदी होत्या. हे काम मी घाईत करत नाही आणि दुसऱ्यावर टाकत नाही. त्या फ्रिक्वेन्सी आता दुसऱ्या कुणाला दिल्या असतील, एखाद्या रुग्णवाहिकेला, एखाद्या बंदोबस्ताला. चुकून चॅनेल फिरला आणि आपला आवाज तिथे गेला, तर मदतीला निघालेला सेट अडथळा होऊन बसेल. सेट १४५ वर बोलायला लागला म्हणजे तो अर्धाच आपला झाला. बाकी सगळीकडे बोलायचा थांबला की मगच पुरता झाला. पुतणीकडून पुन्हा वाचून घेतलं. आठही सेटांत आता फक्त आमचेच चॅनेल.

संध्याकाळी सहा

मिरजेचे मास्तर गाडी घेऊन आले. ‘काटा’ लिहिलेला सेट, एक बॅटरी आणि छतावर चिकटणारी चुंबकी ॲन्टेना घेऊन ते दंडोबाच्या डोंगराकडे निघाले. पुतणी त्यांच्याबरोबर, वही घेऊन. “मास्तर, अंधार व्हायच्या आत खाली या,” मी म्हटलं. “अहो, तुम्ही गच्चीवर वेळेत जा म्हणजे झालं,” ते म्हणाले.

संध्याकाळी सव्वासात

गच्चीवर ‘शेती ऑफिस’. १४५.५०० रिकामा आहे ना, आधी ऐकलं. मग माझं कॉलसाइन दिलं. उत्तर नाही. पुन्हा दिलं. खाली रस्त्यावरून ट्रक गेला. तिसऱ्यांदा दिलं आणि स्पीकरमधून मास्तरांचा आवाज, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मी त्यांना आणखी कमी शक्तीच्या चॅनेलवर जायला सांगितलं. तरी येतोय. ॲन्टेनाची वायर काढून नुसता तारेचा तुकडा लावायला सांगितला. खरखर वाढली, पण शब्द न् शब्द कळत होता. साठ सेकंद झाले आणि मास्तरांचं वाक्य मध्येच तुटलं. त्यांना टाइमरचं सांगायचं राहूनच गेलं होतं. पुन्हा आले आणि तेच वाक्य अर्ध्या वेळात पूर्ण केलं.

रात्री साडेनऊ

मास्तर पुतणीला सोडून गेले. तिने वही दाखवली. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, दोन्ही कॉलसाइन, रिपोर्ट. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, ‘तारेच्या तुकड्यावरही स्पष्ट’.

सेट पुसून खोक्यात ठेवताना तिने माइकवरच्या पट्ट्या काढायला नख लावलं. मी थांबवलं. पुराच्या काळात आकडे विसरतात, नावं लक्षात राहतात. मग तिने दुकानातली पांढरी टेप आणली आणि जुन्या पट्टीच्या खाली नवी चिकटवली. वर ‘काटा’. खाली तिच्या अक्षरात, १४५.५००.