दात घशात जाण्यापूर्वी

मराठी भाषेने दातांवर जितके वाक्प्रचार खर्च केले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावर केले असतील. आपण दात विचकतो, दातओठ खातो, एखाद्यावर दात धरतो, सांगून सांगून दाताच्या कण्या करतो, आणि फारच राग आला तर समोरच्याचे दात घशात घालण्याची भाषा करतो. परंतु मित्रहो, खरोखरच कुणाचा दात पडला, तुटला, सुजला किंवा घशात गेला, तर पुढच्या अर्ध्या तासात काय करावयाचे, हे आपल्यापैकी कुणाला विचारावे तर त्याची दातखीळ बसते. हा लेख मुख्यतः त्या अर्ध्या तासाविषयी आहे.

माझी थोरली बहीण दंतवैद्यकाची विद्यार्थिनी आहे. घरी जेवताना ती जे सांगते त्यामुळे पुष्कळदा जेवण नकोसे होते हे खरे. पण त्यातले बरेचसे आपल्यासारख्या, दात म्हटले की नायिकेच्या कुंदकळ्या एवढेच आठवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटले. माहिती तिची आणि तिच्या पुस्तकांची, लेखन माझे.

क्रिकेटच्या एका सराव सामन्यात चेंडू उसळून एका क्षेत्ररक्षकाच्या तोंडावर बसला व त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. मित्र शहाणे होते. त्यांनी मातीतून दात शोधून काढला. मग नळाखाली साबण लावून तो लख्ख घासला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्याकडे नेला. दात शुभ्र होता, पण मेलेला होता. वाईट याचे वाटते की त्या मुलांनी हयगय केली नव्हती. जे केले ते काळजीनेच केले, आणि नेमक्या त्या काळजीनेच दात गेला.

त्याचे कारण असे. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची पातळ गादी असते व दात तिच्यावर तोललेला असतो. दात उखडतो तेव्हा हे तंतू तुटतात. काही हाडाकडे राहतात, काही मुळाला चिकटून बाहेर येतात. मुळावरच्या त्या ओलसर थरात जिवंत पेशी असतात. त्या शाबूत राहिल्या तर दात पुन्हा आपल्या जागी धरतो. कोरड्या हवेत मात्र त्या अर्ध्या तासात मरू लागतात आणि तासाभरात बहुतेक संपतात. साबणाने घासणे म्हणजे तर त्यांना हाताने खरवडून काढणेच होय.

म्हणून पडलेला दात उचलावयाचा तो वरच्या, पांढऱ्या, हसताना दिसणाऱ्या भागाला धरून. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच बुचकळावा. तेही नसेल तर थंड पाण्याच्या धारेखाली काही क्षण धरावा, चोळू नये. नंतर, जखमी माणूस शुद्धीवर व शांत असेल तर, दात सरळ त्याच्या खाचेत बसवावा. शेजारच्या दाताशी ताडून पाहिले म्हणजे पुढची बाजू कोणती ते कळते. मग स्वच्छ रुमालाची घडी दातांत धरावयास सांगावी आणि तसेच दंतवैद्याकडे न्यावे. ऐकताना हे धाडसाचे वाटते; पण मैदानावर पहिल्या पाच मिनिटांत हे करणारा सामान्य विद्यार्थी, चार तासांनी भेटणाऱ्या निष्णात दंतवैद्यापेक्षा त्या दाताच्या अधिक कामी येतो. पुढे दंतवैद्य तो दात बारीक तारेने शेजारच्या दातांना सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात, मुळाच्या आतील नसेवर उपचार करतात आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हेही विचारतात.

बसविण्याचे धाडस होत नसेल तर दात दुधात टाकावा. दूध हे घरगुती टोटके नव्हे. त्यातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवाशी बरेचसे जुळते, म्हणून पेशी त्यात काही काळ तग धरतात. साध्या पाण्यात त्या भिजत घातलेल्या मनुकांसारख्या फुगतात आणि फुटतात. दूध मिळाले नाही तर त्या माणसाने स्वतःच्या लाळेत, एखाद्या लहान भांड्यात, दात ठेवावा. लहान मुलाच्या किंवा गुंगी आलेल्या माणसाच्या तोंडात मात्र सुटा दात ठेवू नये. दुधाचा दात पडला तर तो परत बसवावयाचा नसतो, कारण त्याच्या खालीच कायमच्या दाताचा कोंब असतो व त्याला इजा पोहोचू शकते.

आता आपला लाडका वाक्प्रचार. पडलेला दात सापडतच नसेल तर तो खरोखर घशात गेला असण्याची शक्यता धरावी. पोटात गेला तर बहुधा आपल्या वाटेने बाहेर पडतो; श्वासनलिकेत गेला तर जीवावर बेतू शकते. एकसारखा खोकला, श्वासाला घरघर, आवाज बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्ष-किरण तपासणीवाचून घरी जाऊ नये. तसेच तोंडावर मार बसलेला माणूस क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, त्याला उलटी होत असेल किंवा कानातून रक्त येत असेल, तर दात विसरावा आणि डोक्याची तपासणी आधी करून घ्यावी. दाताचा तुकडा उडाला असेल तर तोही जपून न्यावा. आज अनेकदा तो पुन्हा चिकटविता येतो. तुटलेल्या जागी लालसर ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडली आहे असे समजून त्याच दिवशी जावे.

दातदुखीकडे वळू. ती रात्रीच का उठते, हा प्रश्न वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडला असेल. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसा यांची मऊ मज्जा असते, आणि तिच्याभोवती चारही बाजूंनी कठीण भिंत. शरीरात अन्यत्र सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. दातात सुजेला पसरावयास जागाच नाही. सारा दाब नसेवर येतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. त्या रात्री उंच उशी घेऊन पडणे हा म्हणूनच खरा उपाय आहे, कल्पना नव्हे.

दाताला ‘कीड’ लागते असे आपण म्हणतो. सुश्रुतसंहितेतही ‘कृमिदंत’ हा शब्द आहे. किडा दात पोखरतो ही समजूत युरोपातही शतकानुशतके होती; फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती अमान्य केली. आपल्याकडे खेड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे’ पाडण्याचा प्रकार चाले. खाली पडणाऱ्या त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांचे कोंब असत! खरी गोष्ट अशी की, दातांवर साचलेल्या थरातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. प्रत्येक गोड घोटानंतर हे आम्ल सुमारे अर्धा तास काम करीत राहते. म्हणून एकदाच बसून संत्रा बर्फीचे चार तुकडे खाणारा, दिवसभर दर तासाला गोड चहा घेणाऱ्यापेक्षा दातांच्या दृष्टीने बरा. हे ऐकून आमच्या कँटीनच्या कायम सभासदांना वाईट वाटेल, नाइलाज आहे.

दुखणाऱ्या दातासाठी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, गालावर बाहेरून थंड फडके आणि पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, एवढे सकाळपर्यंत पुरते. लवंगेचे तेल उपयोगी आहे, पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही दाताच्या खड्ड्यात. हिरडीवर लावले तर ती भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवणे हा त्याहून वाईट प्रकार. तिथली कातडी पांढरी होऊन सोलते आणि दुखणे होते तिथेच राहते. उरलेसुरले प्रतिजैविक मित्राकडून मागून घेऊ नये. बंद खोलीतल्या सुजेपर्यंत ते नीट पोहोचत नाही.

आणि नागपुरी उपाय? ‘खर्रा दाबून ठेव ना बे, बधिर होते,’ हा सल्ला कोणत्याही पानठेल्यावर फुकट मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आपल्या विदर्भाची ओळख बनला आहे, हे अभिमानाने सांगण्याजोगे नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. थोडा वेळ बधिरता येते, हे खोटे नाही. पण सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होते, आत दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ज्याची दोनही मावत नाहीत त्याने उद्याच तपासून घ्यावे, कारण या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. बहीण म्हणते, सर्वांत अवघड रुग्ण तो, जो दाढ ठणकत असताना येतो आणि ज्याचे तोंड एक बोटभरच उघडते. दाढ दिसते, पण तिथवर हत्यार पोहोचत नाही. दातखीळ हा शब्द तिथे अलंकार राहत नाही.

काही दुखण्यांना सकाळची वाट पाहू नये. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरू लागली, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली, थुंकी गिळवेना, ताप चढला, तर रात्री दोन वाजताही निघावे. जबड्याखाली पसरणाऱ्या अशा सुजेचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ साली केले. तिने श्वासमार्ग दाबला जातो आणि माणूस एका किडक्या दाढेपायी दगावू शकतो. अशा सुजेला बाहेरून शेक देऊ नये.

दात काढून आल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्या जागी ठेवून अर्धा तास दात मिटून बसावे, मधून मधून उघडून पाहू नये. त्या दिवशी चूळ भरू नये, जोराने थुंकू नये. जमलेली गाठ हीच मलमपट्टी असते. मोठी जांभई देताना जबडा निखळला (सुश्रुताने याला ‘हनुमोक्ष’ असे भारदस्त नाव दिले आहे) तर पाठीत थापा मारू नयेत. हनुवटीला हाताचा आधार देऊन रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंधाचे नियम सर्वांना पाठ आहेत, म्हणून पुन्हा सांगत नाही. फक्त दोन गोष्टी. सोड्याच्या बाटलीचे झाकण दाताने उघडणे हा पराक्रम नव्हे. दुसरी फ्लोराइडची. दात घासण्याच्या पेस्टमधील फ्लोराइड दात बळकट करते. पण चंद्रपूर, यवतमाळकडील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात तेच प्रमाणाबाहेर असते आणि लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग कायमचे उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातील मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम ठरविली आहे. त्या भागातून शिकावयास आलेल्या आपल्या मित्रांना ‘दात घासत नाहीस का’ असे विचारण्याआधी हे ठाऊक असावे.

आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ सालापासून आहे, मेडिकलच्या परिसरात. रात्री-अपरात्री मेडिकल किंवा मेयोचा अपघात विभाग गाठावा. क्रीडा विभागाच्या प्रथमोपचार पेटीत सलाईनची एक बाटली, झाकणाची स्वच्छ डबी आणि निर्जंतुक कापडाच्या घड्या ठेवाव्यात, अशी विनंती आहे. दूध पेटीत ठेवता येत नाही. ते कँटीनमध्ये मागावे, आणि मागताना स्पष्ट सांगावे की बिनसाखरेचे, न तापविलेले, थंड हवे आहे.