रोगामागे चालणारी माणसं – लेखांक ९ : चाळीस वर्षं जपलेली यादी

गेल्या आठवड्यात आपण लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर होतो. १८५४ साल, कॉलऱ्याचे बळी, डॉ. जॉन स्नो आणि पंपाचा दांडा. सगळं काही दिवसांत घडतं, म्हणून ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहते. क्षयरोग मात्र असा घाईत हाती लागत नाही. आज जंतू छातीत शिरला, तर आजार पुढच्या वर्षी दिसेल, वीस वर्षांनी दिसेल किंवा जन्मात कधी दिसणारही नाही. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना टीबी होतच नाही. कुणाला होणार आणि तो कशाने टळेल, हे शोधायचं तर त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं परत परत जावं लागतं. या कामात ज्याने आयुष्य घातलं, त्या जॉर्ज कॉमस्टॉक यांच्याविषयी आज.

कॉमस्टॉक १९१५ साली नायगारा फॉल्स गावी जन्मले. १९४१ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेत रुजू झाले. युद्ध संपल्यावर त्यांना जॉर्जिया राज्यातल्या मस्कोगी काउंटीत पाठवण्यात आलं. कोलंबस नावाचं गिरण्यांचं शहर, चॅटाहूची नदी आणि पलीकडच्या काठाला अलाबामातली रसेल काउंटी. या दोन्ही काउंट्यांत बीसीजी लसीची परीक्षा घ्यायची होती.

बीसीजी आपल्याला अनोळखी नाही. डाव्या दंडावरचा तो व्रण आपल्यातल्या बहुतेकांना आहे. युरोपात तेव्हा ही लस सर्रास टोचली जात होती, पण तिचा उपयोग नेमका किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. मस्कोगीत आधी लोकांची ट्युबरक्युलिन चाचणी झाली, म्हणजे आपले बालरोगतज्ज्ञ जिला ‘माँटू’ म्हणतात ती. हातावर टोचायचं, दोन-तीन दिवसांनी गाठ उठली का ते बघायचं. गाठ आली तर जंतू आधीच शरीरात आहे, मग लसीचा उपयोग नाही. ज्यांना गाठ आली नाही, त्यांतल्या निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना नाही. मग सुरू झालं ते वाट पाहणं. दोन्ही गटांतल्या कुणाला टीबी झाला, हे दोन दशकं टिपलं गेलं. लसीने दिलेलं संरक्षण निघालं अवघं १४ टक्के. पोर्तो रिकोमध्ये मुलांवर अशीच मोठी पाहणी झाली होती, तिथे ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं. ब्रिटनमध्ये किशोरवयीन मुलांत मात्र तीच लस जवळपास ८० टक्के उपयोगी ठरली.

एकाच नावाच्या लसीचे असे टोकाचे निकाल आले, की आपल्याला सोयीचा तो धरून दुसऱ्याच्या चुका काढत बसण्याचा मोह होतो. कॉमस्टॉक आणि त्यांचे वरिष्ठ कॅरल पामर यांनी फरकाचं कारण शोधायला घेतलं. उष्ण प्रदेशांतल्या माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात. त्यांच्या संसर्गाने शरीराला आधीच थोडी प्रतिकारशक्ती येते आणि लसीला वेगळं काही करून दाखवायला जागा उरत नाही, असा पामर यांच्या गटाचा तर्क होता. तो आजही चर्चेत आहे.

या वादाशी आपलं जवळचं नातं आहे. तमिळनाडूतल्या चिंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची प्रचंड चाचणी झाली. १९७९-८० च्या सुमारास तिचे निकाल आले, तेव्हा फुप्फुसाच्या टीबीपासून लसीने काहीच संरक्षण दिलं नव्हतं. अनेकांना हा धक्का होता. मस्कोगीचे आकडे ज्यांनी गंभीरपणे घेतले होते, त्यांना तो कमी बसला असणार. लहान मुलांना होणाऱ्या टीबीच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर आजारांपासून बीसीजी वाचवते, म्हणून नवजात बाळांना ती आपल्याकडे आजही दिली जाते आणि द्यायलाच हवी.

मस्कोगीच्या यादीतून मला तितकीच मोलाची वाटणारी आणखी एक गोष्ट निघाली. पुढे टीबी झालेल्यांत मोठा वाटा अशा लोकांचा होता, ज्यांना पहिल्याच चाचणीत गाठ आली होती. म्हणजे लस ज्यांना देताच येत नव्हती, तेच आजारी पडत होते. याचा अर्थ हिशेबाने पाहू. समजा, एका गावात हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या दोनशेंच्या शरीरात जंतू दबा धरून बसला आहे. पुढे दहाजण आजारी पडले आणि त्यांतले आठ या दोनशेंतले निघाले. उरलेल्या आठशेंना लस टोचली आणि ती शंभर टक्के लागू पडली, तरी दोनच रुग्ण टळतील. बाकीचे आठ टाळायचे तर शरीरात शिरलेल्या जंतूलाच गाठायला हवं.

त्यासाठी औषध नुकतंच हाती आलं होतं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनायझिडने मरणपंथाला लागलेले रुग्ण उठून बसले होते. गोळी स्वस्त आणि घ्यायला सोपी होती. आजाऱ्याला बरं करणारी ही गोळी निरोगी दिसणाऱ्याचा पुढचा आजार टाळेल का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला कॉमस्टॉक यांनी अलास्का निवडलं.

अलास्काच्या नैऋत्येला यूकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे. बेथेल हे तिथलं मुख्य गाव, भोवती युपिक लोकांची खेडी. वर्षातले कितीतरी महिने बर्फ, लहान घरं, घरात दाटीवाटीने माणसं. १९५० च्या सुमारास तिथे संसर्ग न झालेल्या मुलांपैकी दर वर्षी २५ टक्क्यांना टीबीचा संसर्ग होत होता. म्हणजे पाच वर्षांचं होईपर्यंत चारांतल्या तीन मुलांच्या शरीरात जंतू पोहोचलेला.

१९५७ च्या अखेरीपासून बेथेल आणि आसपासच्या खेड्यांत चाचणी सुरू झाली. सोडत काढली ती घराची, माणसाची नाही. एका घरातल्या सगळ्यांना आयसोनायझिड, शेजारच्या घरात कदाचित हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. कुठल्या घरात काय आहे, हे ना घेणाऱ्याला माहीत, ना वाटणाऱ्याला. घर हे एकक धरण्यामागे पक्का व्यवहार होता. एकाच छपराखाली दोन प्रकारच्या बाटल्या ठेवल्या असत्या, तर आईच्या गोळ्या मुलाने आणि मुलाच्या आजीने घेतल्या असत्या. वर्षभर रोज गोळी घ्यायची होती. औषध पोहोचवणं आणि घरोघर विचारपूस करणं, हे काम खेड्यातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडे सोपवलं होतं. अलास्कात पुढे गावोगाव आरोग्य सहायक नेमण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिची मुळं टीबीच्या गोळ्या वाटणाऱ्या अशाच माणसांच्या कामात आहेत. आपल्या आशाताईंचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गोळी सुरक्षित आहे, हे लोकांना पटावं म्हणून कॉमस्टॉक यांनी ती स्वतः घेतली आणि घरच्यांनाही दिली.

खरी गोळी मिळालेल्या घरांत टीबी सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. निकाल स्पष्ट झाल्यावर, आधी बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांसह सगळ्यांना आयसोनायझिड देऊ केलं गेलं. चाचणीच्या दृष्टीने पाहिलं, तर तुलनेचा गट त्यामुळे हातचा गेला. पण ज्यांनी वर्षभर विश्वासाने निकामी गोळी गिळली, त्यांचं देणं आधी फेडायला हवं होतं आणि ते फेडलं गेलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

हा प्रदेश सोडून ते पुढच्या विषयाकडे वळले असते, तरी नाव राहिलं असतं. पण १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९७० च्या दशकात त्याच माणसांचा मागोवा घेतला गेला. १९७९ साली अंतिम अहवाल आला. औषध घेऊन एकोणीस वर्षं झाली, तरी संरक्षण टिकून होतं. आजच्या दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांतून असं विधान कुणालाही करता येणार नाही.

या औषधाची दुसरी बाजूही याच काळात पुढे आली. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिलवरच्या २,३२१ कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी आयसोनायझिड दिलं गेलं. त्यांतल्या १९ जणांच्या यकृताला सूज आली आणि दोघे दगावले. वय वाढतं तसा हा धोका वाढतो, असं पुढे दिसून आलं. निरोगी माणसाला औषध द्यायचं तर ते गरजेपेक्षा एक महिनाही जास्त देता कामा नये. मग गरज किती?

१९९९ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कॉमस्टॉक यांनी बेथेलच्या जुन्या नोंदी पुन्हा बाहेर काढल्या. सगळ्यांनी काही वर्षभर गोळ्या घेतल्या नव्हत्या. कुणी तीन महिन्यांत सोडलं, कुणी सहा महिन्यांत, काहींना दोन्ही फेऱ्यांत औषध मिळालं. कुणी किती गोळ्या घेतल्या, याची नोंद असल्यामुळे लोकांचे गट पाडता आले. औषध जसजसं जास्त काळ घेतलं, तसतसा टीबी कमी होत गेला आणि नऊ-दहा महिन्यांनंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांनी नऊ महिने हीच मुदत स्वीकारली. ज्या गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या, त्यांचीही नोंद ठेवली होती म्हणून हे उत्तर मिळालं.

मधल्या काळात त्यांनी बरंच काही केलं. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन गावी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं संशोधन केंद्र उभं केलं, १९६३ मध्ये सगळ्या वॉशिंग्टन काउंटीची आरोग्यगणना केली, १९७४ आणि १९८९ मध्ये हजारो लोकांचं रक्त साठवून ठेवलं, ते पुढे कर्करोगाच्या अभ्यासांना उपयोगी पडलं. १९७२ साली त्यांनी दाखवलं होतं, की नियमित चर्चला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी असतं. निष्कर्ष लोकांना आवडणाराच होता. काही वर्षांनी त्यांनीच सांगितलं, की जो अंथरुणाला खिळला आहे तो चर्चला जाणार कसा, तेव्हा हा फरक त्यामुळेही दिसत असेल. २००७ साली ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

आज आपल्याकडे टीबीच्या रुग्णाच्या घरातल्यांना आजार नसतानाही प्रतिबंधक उपचार देण्याचं सरकारी धोरण आहे. आयसोनायझिड सहा महिने, किंवा रिफापेंटिनबरोबर आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे. घरातल्यांची नावं ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीत जातात. गोळ्या देऊन झाल्या की नोंद पुरी, असं मात्र होऊ नये. त्या घरांत दहा वर्षांनी, वीस वर्षांनी कुणी आजारी पडलं का, हे विचारायला कुणीतरी जायला हवं आणि त्यासाठी लागणारा पैसा व माणसं आजच बाजूला काढून ठेवायला हवीत. टीबीचे रुग्ण जगात सर्वाधिक आपल्याकडे आहेत. या प्रश्नांची उत्तरं आपण अलास्काकडून किती दिवस उसनी आणणार?

पुढच्या आठवड्यात : १९५६ चं मद्रास, डॉ. वॉलेस फॉक्स आणि टीबीचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये लवकर बरा होतो की घरी, हा प्रश्न.