'मसान'मधली अंगठी

नीरज घायवान यांच्या 'मसान' (2015) मधला दीपक आपल्यासारखाच सिव्हिलचा विद्यार्थी. घर मात्र बनारसच्या घाटावर चिता रचणाऱ्या डोम कुटुंबाचं. एका रात्री बस अपघातातली प्रेतं येतात आणि हातातल्या अंगठीवरून तो आपल्या शालूला ओळखतो.

पुढे एकदा तो ती अंगठी गंगेत फेकतो आणि मग तिच्यासाठी स्वतःच उडी मारतो! दुःख ठेववत नाही, टाकवतही नाही, ते असं.

नंतर तीच अंगठी झोंटा नावाच्या पोराला पाण्यात सापडते आणि पोलिसाच्या लाचेखाली पिचलेल्या पाठकांची सुटका होते. दीपकला हे कधीच कळत नाही. एकाचं सोडलेलं दुःख दुसऱ्याला तारून नेतं. पिक्चर परत लावाल तेव्हा अंगठीवर लक्ष ठेवा.