समजून घ्या : 'चालू नका, पडाल' हा सल्ला ज्येष्ठांसाठी धोक्याचा का?

गेल्या पावसाळ्यात माझी आजी पहाटे बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण घरात फर्मान निघालं : 'आता एकटीने कुठे जायचं नाही.' आम्ही काळजीपोटीच बोललो. दोन महिन्यांत मात्र तिला खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागू लागला. आमचं चुकलं कुठे?

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात. त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे.

बसून राहिल्याने काय होतं?

वापर थांबला की मांड्यांचे स्नायू झपाट्याने कमजोर होतात. तोल सावरायचं काम त्यांचंच. म्हणजे भीतीने चालणं कमी, त्यामुळे ताकद कमी आणि त्यामुळे पडण्याची शक्यता जास्त, असं हे दुष्टचक्र आहे.

धोका कसा ओळखायचा?

'टाइम्ड अप अँड गो' ही सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. चाचणी घेताना शेजारी उभे राहा.

घरात काय बदलावं?

• बाथरूम : कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी आधाराचा दांडा पक्क्या भिंतीत बसवा. टॉवेलचा रॉड हा आधार नव्हे. तो शरीराचं वजन पेलण्यासाठी बनलेलाच नसतो.
• प्रकाश : पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा.
• जमीन : सुटी पायपुसणी, वाटेतल्या वायरी काढा. झिजलेली स्लीपर बदला, घरातही मागे पट्टा असलेली चप्पल बरी.
• जिना : जवळचं-लांबचं एकत्र असलेल्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरीची कड धूसर दिसते. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावा.

काठी कोणत्या हातात?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. इंजिनीअरिंगमध्ये शिकलेली तरफ इथे कामी येते. काठी कंबरेच्या दुखऱ्या सांध्यापासून जितकी लांब टेकते, तितका हाताचा थोडासा जोरही त्या सांध्यावरचा भार अधिक कमी करतो. उंची मनगटाच्या घडीपर्यंत असावी. खालचं रबर झिजलं की बदला.

औषधांचा काय संबंध?

झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उठताना चक्कर येऊ शकते. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा.

पडल्यास काय करावं?

लगेच ओढून उभं करू नका. कंबर किंवा मांडीत तीव्र वेदना असतील, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर न हलवता १०८ वर फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्या.

मदत कुठे?

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा अशा साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

आमच्या घरी आता दांडा बसला आहे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आजी रोज दहा वेळा खुर्चीतून उठते-बसते. परवा ती कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः कोथिंबीर घेऊन आली. मी मागे दहा पावलं होतो, पण हात धरला नाही.