कोण म्हणाले, कुठे म्हणाले?

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला भिंतीवरची एक पाटी डोळे मिटूनही दिसते. लाकडी चौकट, काचेवर धूळ, कोपऱ्यात महात्माजींचे रेखाचित्र, ग्राहकाची थोरवी सांगणाऱ्या चारपाच ओळी आणि खाली नाव, महात्मा गांधी. वर्धा जिल्ह्यात मी ज्या शाखांत नोकरी केली त्या प्रत्येक शाखेत ही पाटी होती. हिंगणघाटला कापसाच्या हंगामात रांग दाराबाहेर जायची आणि एखादा शेतकरी पाटीकडे बोट दाखवून आम्हाला सुनवायचा, ‘साहेब, गांधीबाबा काय म्हनते, वाचा जरा!’ त्याची तक्रार रास्तच असायची. पण गांधीबाबा खरोखरच तसे म्हणाले होते का?

हे वाक्य त्यांच्या १८९० सालच्या दक्षिण आफ्रिकेतील भाषणातले, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. आता हिशेब करा. १८९० साली मोहनदास गांधी हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होता. दक्षिण आफ्रिकेला तो गेला १८९३ साली. म्हणजे भाषण आधी आणि माणूस नंतर! शोध घेणाऱ्यांना जवळपास हाच मजकूर अमेरिकेत १९४१ साली छापलेला सापडला. तिथे तो स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीविभागाचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावावर आहे. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात मात्र त्याचा पत्ता लागत नाही. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर बसून आम्ही मोटारविक्रीच्या धंद्यातला सुविचार बापूंच्या नावाने रोज वाचत होतो.

‘जगात जो बदल हवा तो आधी स्वतःत करा’ या अर्थाच्या वाक्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या शब्दांत ते गांधीजींच्या लिखाणात मिळत नाही. त्याच्या जवळ जाणारा एक उतारा मात्र १९१३ सालच्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आहे, आणि तो आहे कुठे, तर आरोग्यविषयक लेखमालेतल्या सर्पदंशावरच्या प्रकरणात! तिथला विचार अधिक सखोल आहे आणि लांबही आहे. मगवर छापायला मात्र गैरसोयीचा.

कुणी म्हणेल, विचार चांगला असला म्हणजे झाले, नाव कुणाचे का असेना. बँकेत असे म्हणून चालत नाही. आमच्या काळी लेजरमधल्या प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर असे, आणि एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत नेली की शेजारच्या बारीक रकान्यात त्या वहीचा पान नंबर लिहावा लागे. ऑडिटर यायचा, नोंदीवर बोट ठेवायचा आणि एवढेच म्हणायचा, ‘व्हाउचर दाखवा.’ रक्कम बरोबर असली तरी व्हाउचर नसेल तर शेरा बसायचाच. विद्वानांच्या जगात यालाच तळटीप म्हणतात. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ यानेही कित्येक शतकांपूर्वी, मुळात आधार नसलेले काही लिहिणार नाही, असे बजावून ठेवले आहे.

हे सारे आत्ता आठवायचे कारण म्हणजे आमच्या शेजारची मुलगी. ती नई तालीमवर पीएच.डी. करते आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला जे काम उभे केले, तो तिचा विषय. एके दिवशी संध्याकाळी ती आली ती रडवेली होऊनच. तिचे एक प्रकरण परत आले होते. शेरा होता : ‘दिलेल्या खंडात, दिलेल्या पानावर हा मजकूर नाही. संदर्भ बनावट वाटतात.’

‘काका, मी डोळ्यांनी वाचून उतरवलंय हो सगळं,’ ती म्हणाली. बनावट हा शब्द तिला फार लागला होता. वडील एसटीत कंडक्टर, घरात पहिली पदवी तिची. नापास म्हटले असते तर तिने सोसले असते.

दोन दिवस आम्ही दोघांनी कागद पसरून बसण्यात घालवले. मग उलगडा झाला तो असा. गांधीजींचे समग्र वाङ्मय काढण्याचे काम १९५६ साली सुरू झाले. पहिला खंड १९५८ चा, शंभरावा १९९४ चा. के. स्वामीनाथन हे त्याचे दीर्घकाळ मुख्य संपादक होते, आणि या कामाची शिस्त अशी की प्रत्येक पत्राखाली, प्रत्येक लेखाखाली तो मजकूर कुठून घेतला ते छापलेले असते. अमुक साप्ताहिकाचा अमुक तारखेचा अंक, किंवा हस्तलिखिताच्या छायाप्रतीचा क्रमांक. ‘एस.एन.’ असेल तर कागद साबरमतीच्या संग्रहालयातला, ‘जी.एन.’ असेल तर दिल्लीच्या गांधी संग्रहालयातला. आमचा जुना ऑडिटर ते खंड पाहून सुखावला असता.

पुढे या शंभर खंडांची एक सुधारित आवृत्ती निघाली. १९९९ साली तिची सीडीही आली. नंतर सापडलेला मजकूर तारखेप्रमाणे मध्ये घातला गेला, त्यामुळे खंडांचे आणि पानांचे आकडे बदलले. मूळ खंडांच्या प्रस्तावना गेल्या आणि काही शे नोंदी गळाल्या. अभ्यासकांनी आवाज उठवला. त्रिदीप सुहृद यांनी २००४ साली त्यावर सविस्तर लिहिले आणि २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. मूळ शंभर खंड आता साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर घरबसल्या वाचता येतात. पण एकदा सुटलेला बाण परत येतो थोडाच! त्या सुधारित आवृत्तीच्या प्रती आजही संगणकांतून फिरत आहेत. सर्पदंशाचा तोच उतारा जुन्या छापील संचात बाराव्या खंडात आहे आणि या दुसऱ्या संचात तेराव्या. आमच्या मुलीने संगणकावरची प्रत वापरली, परीक्षकांनी कपाटातला जुना खंड काढला. दोघेही खरे, आणि मधे एका मुलीची अब्रू टांगलेली.

तोडगा तिचा तिनेच काढला. आता ती नुसता खंड आणि पान देत नाही. मजकूर कुणाला लिहिला किंवा कोणत्या अंकात आला, तारीख, मग आवृत्ती, खंड, पान. आवृत्ती बदलली तरी तारीख बदलत नाही. तारखेचा आणखी एक फायदा आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला ज्या गावी आले त्याचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल चुकायचे म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. तेव्हा कुणी १९३७ चे पत्र ‘सेवाग्राम’च्या पत्त्यानिशी पुढे केले, तर आधी मूळ कागद मागावा.

या मुलांच्या डोक्यावर दुसरीही एक तलवार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातला मजकूर इतरांशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून द्यायला मुदत, साठपर्यंत वर्षभराची बंदी आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. रीतसर आधार देऊन घेतलेले अवतरण या मोजणीत धरत नाहीत. नियम चांगलाच आहे. पण झाले असे की मुले टक्केवारीला भिऊ लागली, आधाराला नाही. शब्द फिरवून लिहिले की यंत्र गप्प बसते, ज्याचा विचार घेतला तो बिचारा कुठेच नसतो. ही चोरी यंत्राला दिसत नाही, माणसाला दिसते. आणि अलीकडे तर संगणकाला विचारले की तो ऐटीत पुस्तकाचे नाव, पान, साल सारे देतो. शोधायला जावे तर असे पुस्तकच जन्माला आलेले नसते!

कधी कधी मात्र प्रश्न खरोखरच अवघड असतो. आमच्या पवनारच्या विनोबांची ‘गीताप्रवचने’ घ्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी ती दिली गेली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. लेखक विनोबाच, यात वाद नाही. पण गुरुजींची लेखणी धावली नसती तर आज आपल्या हातात काय असते? मुलीने तळटीपेत दोघांचीही नावे लिहिली आहेत. मार्गदर्शकांना ते नियमात बसते की नाही अशी शंका आहे. मला ते आवडले.

तिच्या शेवटच्या प्रकरणात सेवाग्रामजवळच्या एका खेड्यातल्या आजी आहेत. नव्वदीला टेकलेल्या. लहानपणी त्या नई तालीमच्या शाळेत जात. टकलीवर सूत काढायचे, मग त्याच सुताचे तार मोजून गणित शिकायचे, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. पहिल्या मसुद्यात मुलीने ‘एका ग्रामस्थ महिलेने सांगितले’ एवढेच लिहिले होते. मी विचारले, ‘ह्या बाईला नाव नाही का?’ ती पुन्हा गेली, आजींची परवानगी घेतली, सांगितलेले सारे वाचून दाखवले. आजींनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. एका तासाला किती तार निघत, तो आकडा मुलीने चुकीचा ऐकला होता.

आता तळटीपेत आजींचे पूर्ण नाव आहे, गाव, तालुका, भेटीची तारीख आणि त्या वेळी नातसून हजर होती हेही. प्रकरण मागच्या महिन्यात पुन्हा पाठवले. उत्तर अजून आलेले नाही. आजी मात्र नातवाकरवी दर आठवड्याला फोन करून विचारतात, माझ्या नावाचा कागद आला का म्हणून.